मे महिन्यात रेंडर लावलं की प्रोसेसर १०० डिग्रीवर: लहान कॅबिनेट, वर टिनाचं छत

लगीनसराई
१० मे, रात्री १०.२०

नमस्कार. हिंगणघाटच्या पुढे आमचं गाव आहे. रस्त्याला लागून बारा बाय दहाची खोली, वर टिनं, आणि त्यात माझा फोटो स्टुडिओ. सध्या लग्नांचा हंगाम. दिवसा शूटिंग, दुपारी आणि रात्री एडिटिंग. यंदा चौदा लग्नांचं काम हातात आहे आणि नेमकं आत्ताच मशीन दगा देत आहे.

मशीन असं: इंटेल आय५-१०४००, त्याच्यासोबत डब्यात आलेलाच पंखा, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड, एक एसएसडी आणि दोन मोठ्या हार्डडिस्क. २०२१ मध्ये तालुक्याच्या ठिकाणी जुळवून घेतलं. जागा कमी म्हणून कॅबिनेट मुद्दाम लहान घेतलं. त्यात एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बरोबर प्रोसेसरच्या डोक्यावर येतो. समोरचा भाग बंद प्लास्टिकचा, खाली बोटभर फट. मागे ८० मिलिमीटरचा एक पंखा, बाकी काही नाही.

एडियस या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीस मिनिटांची फिल्म एक्सपोर्टला लावली, म्हणजे पूर्ण फाइल रेंडर करायला दिली, की चार मिनिटांत प्रोसेसर १०० डिग्रीवर जातो. वेग ४ गिगाहर्ट्झवरून २.३ वर येतो. जानेवारीत अशाच फिल्मला दोन तासांच्या आत वेळ लागायचा, आता पावणेतीन तास लागतात. काल तर दोनदा मशीन आपोआप बंद पडलं. काही न करता नुसतं चालू ठेवलं तरी ६१ दाखवतं. दुपारी अडीचला टेबलावर थर्मामीटर ठेवला तर खोलीच ४० ची होती.

नवा कूलर घेऊ का? लिक्विड कूलर घेऊ का? तीन हजारांपर्यंत खर्च करू शकतो. दोन घरच्यांना २० तारखेचा शब्द दिला आहे.

कोरडवाहू
१० मे, रात्री १०.४५

लिक्विड घ्या, एकदाच खर्च.

मिहान_ते_मगरपट्टा
१० मे, रात्री ११.३०

लिक्विडची घाई करू नका भाऊ. तुमच्या कॅबिनेटमध्ये रेडिएटर बसायला जागाच नाही. आणि बसला तरी तो खोलीतल्याच हवेने थंड होतो. खोली ४० ची असेल तर पाणी ४० च्या खाली जाणार नाही. पंखा असो की पाणी, दोघंही उष्णता फक्त एका जागेवरून उचलून खोलीच्या हवेत नेऊन टाकतात.

एक सवय आत्तापासून लावा. प्रोसेसरचा नुसता आकडा पाहू नका. त्यातून खोलीचं तापमान वजा करा आणि तो फरक लिहून ठेवा. काम तेच, पंखा तोच असेल तर हा फरक साधारण तोच राहतो. नागपुरात डिसेंबरमध्ये २० च्या खोलीत ज्याचा प्रोसेसर ६५ दाखवतो, त्याचाच मे महिन्यात ४० च्या खोलीत ८५ दाखवणार. मशीन बिघडलं नाही, हवा बदलली. पण तुमचा आकडा १०० ला अडकून राहतो आणि वेग निम्म्यावर येतो, हे नुसत्या उन्हाचं काम नाही. आणखी काहीतरी आहे.

सोल्डरवाला
११ मे, सकाळी ७.०५

सतरा वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. या धाग्यात दोन प्रकारचे कूलर येणार, खोलीचा आणि प्रोसेसरचा. घोळ नको म्हणून प्रोसेसरवरच्याला मी हीटसिंक म्हणतो.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची तपासणी करा. रेंडर लावा, दहा मिनिटं थांबा, आकडा आणि वेग लिहा. मग कॅबिनेटची बाजूची पत्री काढा आणि पुन्हा दहा मिनिटं थांबून आकडे लिहा. पत्री काढल्यावर आठ-दहा डिग्री उतरले तर दोष हवेच्या वाटेत आहे, म्हणजे गरम हवा आत कोंडते. काहीच फरक पडला नाही तर दोष हीटसिंकमध्ये आहे: कचरा, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली वाळलेली पेस्ट किंवा हीटसिंकची सुटलेली पिन. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. लोक हीच तपासणी न करता पंख्यांवर पैसे घालतात.

बंद पडण्याबद्दल. या प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्री आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो. तो मशीन बंद करतो ते १०० च्या बऱ्याच वर गेल्यावर. तुमचा वेग कमी होऊनही मशीन बंद पडत असेल तर माझा संशय एसएमपीएसवर आहे. तो डोक्यावर बसून प्रोसेसरची सगळी गरम हवा पितो आणि स्वतःच्या रक्षणासाठी बंद होतो. खालची हवा सुधारली की तोही शांत होईल असं वाटतं. नाही झाला तर मग त्याच्याकडे पाहू.

लगीनसराई
११ मे, दुपारी ३.१५

केली तपासणी. खोली ४०. पत्री लावून १०० आणि २.३ गिगाहर्ट्झ. पत्री काढून १०० आणि २.४. म्हणजे फरक नाहीच.

सोल्डरवाला
११ मे, दुपारी ३.४०

मग हीटसिंक काढा. आज रेंडर लावू नका.

पऱ्हाटी
११ मे, सायंकाळी ६.५०

भाऊ, तुमच्या रस्त्याले जिनिंग हाय न? मंग मी सांगतो काय झालं असंन ते. आमच्या सेवा केंद्राच्या मशीनले दर साली हेच होते. कापसाचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत चालते, रुईचा कस्पट हवेत उडत राह्यते, अन् पंखा त्याले ओढून घेते. वरून पंखा पाह्यला तं साफ दिसते. कचरा पंख्यावर नाही राहत, पंख्याच्या खाली राह्यते. पंखा काढल्याबिगर दिसतच नाही.

अन् दुसरं, तुमचं कॅबिनेट टेबलाच्या त्या दरवाजावाल्या कप्प्यात तं ठेवलं नाही न?

लगीनसराई
११ मे, सायंकाळी ७.१०

कप्प्यातच आहे. धूळ नको म्हणून दार लावून ठेवतो. मागे भिंत.

पऱ्हाटी
११ मे, सायंकाळी ७.१५

काढा बाहेर भाऊ, आजच काढा. तो कप्पा नाही, भट्टी हाय. तेच गरम वारं फिरून फिरून आत जाते.

सोल्डरवाला
११ मे, रात्री ८.३०

पऱ्हाटी यांचं अगदी बरोबर. आता कृती सांगतो.

वीज बंद करून वायर काढा. मशीन आडवं पाडा म्हणजे बोर्ड जमिनीला समांतर येईल. हीटसिंकच्या चार कोपऱ्यांना चार प्लास्टिकच्या पिना असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर खाच आणि बाण. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, वर ओढा. पंख्याची वायर बोर्डावरून हळू सोडवा. हीटसिंक थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवून मग उचला.

पंखा हीटसिंकपासून वेगळा करा. मऊ ब्रशने आणि हाताच्या ब्लोअरने कचरा काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरतो आणि त्याची बेअरिंग खराब होते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका. त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं, ते फवाऱ्यासारखं बोर्डावर येतं. दाबही फार असतो.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा. औषधाच्या दुकानात मिळतं, नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नक्की असतं. हाताला लावायचं जेल सॅनिटायझर वापरू नका, त्यात चिकट पदार्थ असतात. नवी पेस्ट आर्क्टिक एमएक्स-४ किंवा तशीच कुठलीही बऱ्या नावाची. मधोमध तुरीच्या दाण्याएवढी. पसरवायची गरज नाही, हीटसिंकच्या दाबाने पसरते. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटीतली हवा हाकलण्याचं, एवढंच.

बसवताना पिना मूळ दिशेला फिरवून घ्या आणि समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबा. एक कोपरा आणि त्याच्या तिरपा कोपरा, मग उरलेले दोन. प्रत्येकीचा 'टक्' आवाज आला पाहिजे. शेवटी बोर्डाच्या मागून बॅटरी मारून पाहा. चारही पिनांचे पाय फाकलेले दिसले पाहिजेत. एक जरी नसला तरी हीटसिंक एका बाजूने उचललेला राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

झाडीपट्टी
१२ मे, सकाळी ९.००

सर, एक सूचना इथे जोडते, कारण दुसरं कोणी हा धागा वाचून एएमडीच्या मशीनवर हेच करायला जाईल. मी शाळेत संगणक शिकवते. आमच्याकडे रायझन ५ ५६००जी आहे, जुन्या एएम४ सॉकेटचं (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा). त्याचा हीटसिंक मी सरळ वर ओढला आणि वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून आला. सॉकेटचा खटका बंद असतानाही येतो. प्रोसेसरच्या तीन पिना वाकल्या. भिंगाखाली, शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलीच्या पोकळ टोकाने एकेक सरळ करायला माझी पूर्ण दुपार गेली. त्या सॉकेटला आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट गरम करावी, मग बंद करून लगेच हीटसिंक फिरवत फिरवत सुटा करावा.

सोल्डरवाला
१२ मे, सकाळी ९.२०

ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. माझ्याकडे दर उन्हाळ्यात असे दोन-तीन येतात.

लगीनसराई
१२ मे, रात्री ११.५०

आज शूटिंग नव्हतं, सगळं उघडलं. जे पाहिलं ते लिहितो.

वरून पंखा खरंच साफ दिसत होता. त्याचे चार चिमटे सोडवून उचलला, तर खाली हीटसिंक दिसलाच नाही. करड्या रंगाची जाड गादी होती, पंख्याच्या मापाची गोल. चिमटीत धरून उचलली तर अखंड निघून आली, भाकरीसारखी. एका बाजूने काळी धूळ, दुसऱ्या बाजूने रुईचे पांढरे धागे एकमेकांत विणलेले, आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचे ठसे उमटलेले. म्हणजे पंख्याची हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नव्हती. बायकोला दाखवली, तिने हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, ही आपण रोज श्वासात घेतो. तिचं खरं आहे. उद्यापासून खोलीत झाडू मारायच्या आधी पाणी शिंपडणार.

दुसरी गोष्ट. बोर्डाच्या मागून बॅटरी मारली. डावीकडची खालची पिन कधी बसलेलीच नव्हती. तिचे पाय अजून सरळ होते, आणि त्या कोपऱ्यातली पेस्ट दाबली न गेल्याने थेंबासारखी तशीच वाळली होती. ज्या दुकानात मशीन जुळवलं तिथेच ती राहिली. म्हणजे २०२१ पासून हा प्रोसेसर तीन पायांवर चालत होता, थंडीत निभावत होतं.

साफ केलं, पेस्ट लावली, चार 'टक्' ऐकले, मागून चारही पाय पाहिले. कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलाच्या बाजूला विटांवर ठेवलं. रात्री दहाला खोली ३८. तोच चाळीस मिनिटांचा प्रोजेक्ट. पत्री काढून ८५, वेग पूर्ण ४ गिगाहर्ट्झ. पत्री लावून ९५. नुसतं चालू असताना ४९.

सोल्डरवाला
१३ मे, सकाळी ६.५०

बघा, आता पत्रीने दहा डिग्रीचा फरक पडतो. परवा पडत नव्हता, कारण तेव्हा आधी हीटसिंकच अडला होता. आता दुसरा दोष उघडा पडला, हवेची वाट.

कोरडवाहू
१३ मे, सकाळी ८.१०

मग पत्री काढूनच ठेवा ना. फुकटात दहा डिग्री.

पूर्णाकाठ
१३ मे, सकाळी ९.३०

असं करू नका. आमच्याकडे एकाने तेच केलं होतं. पंख्यात पाल अडकून मेली, पंखा जाम झाला. उंदीर वायर कुरतडतात ते वेगळंच. आणि भाऊंच्या गावात जिनिंग आहे, उघड्या मशीनमध्ये ती गादी दुप्पट वेगाने तयार होईल.

मिहान_ते_मगरपट्टा
१३ मे, सकाळी १०.१५

उघड्या पत्रीचा आणखी एक तोटा आहे. प्रोसेसर सुधारतो, पण समोरून मागे जाणारा हवेचा झोत मोडतो, मग हार्डडिस्क गरम होतात. तुमच्या दोन हार्डडिस्कमध्ये लोकांची लग्नं आहेत. प्रोसेसर बदलता येतो, ती फुटेज परत मिळत नाही. एचडब्ल्यूइन्फो या मशीनचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हार्डडिस्कचं तापमानही दिसतं, ते ५० च्या वर जाऊ देऊ नका.

सोल्डरवाला
१३ मे, दुपारी १.००

बंद पत्रीत हवा खेळवायची असेल तर नियम साधा. थंड हवा समोरून खालून आत, गरम हवा मागून वरून बाहेर. तुमच्याकडे बाहेर फेकणारा पंखा आहे, आत ओढणारा नाही, आणि समोरची फट बोटभर. १२० मिलिमीटरचा एक पंखा घ्या, पाच-सहाशेत बरा मिळतो. समोरचं प्लास्टिक काढून पाहा, आतल्या पत्र्याला बहुतेक जाळी आणि पंख्याची भोकं असतील. प्लास्टिकलाच वाट नसेल तर खालच्या भागात गरम खिळ्याने किंवा ड्रिलने भोकं पाडा. पंख्याच्या चौकटीवर बाण असतो, त्यावरून हवा कुठल्या दिशेने जाते ते कळतं. उलटा लावू नका.

डीव्हीडी ड्राइव्ह वापरता का? नसाल तर काढा. एक हार्डडिस्क खालच्या खणात न्या म्हणजे पंख्यासमोर भिंत उभी राहणार नाही. एसएमपीएसच्या जास्तीच्या वायरी गुंडाळून वरच्या रिकाम्या खणात कोंबा. लहान कॅबिनेटमध्ये वायरींचा गुंता हा बंधाऱ्यासारखा असतो, सगळी हवा तिथेच अडते.

आणि समोरच्या पंख्यावर मच्छरदाणीची जाळी ताणून लावा. रुईचे धागे तिथेच अडकतील. मात्र दर आठ दिवसांनी धुवायची, नाहीतर तीच गादी बाहेर तयार होईल.

लगीनसराई
१५ मे, रात्री ११.१०

हिंगणघाटहून पंखा आणला. डीव्हीडी ड्राइव्ह काढला, हार्डडिस्क खाली नेली, समोर एकवीस भोकं पाडली, जाळी लावली. खोली ३८, पत्री बंद: ८६. म्हणजे उघड्या मशीनइतकंच, पण झाकलेलं. हार्डडिस्क ५२ वरून ४६. तीन दिवसांत मशीन एकदाही बंद पडलेलं नाही.

तरी ३८ च्या खोलीत ८६ म्हणजे फरक ४८ चा. अजून खोली खरी तापलेली नाही. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ तारखेला लागतो. तेव्हा दुपारी आमची खोली ४३ च्या खाली राहत नाही, म्हणजे प्रोसेसर पुन्हा ९१ वर.

मिहान_ते_मगरपट्टा
१६ मे, सकाळी ७.३०

आता उष्णता काढण्यापेक्षा ती तयारच कमी करूया. या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं. इंटेलच्या हिशोबाप्रमाणे तो थोडा वेळ, म्हणजे २८ सेकंद, १३४ वॅटपर्यंत जाऊ शकतो आणि मग ६५ वर यायला हवा. पण पुष्कळ बोर्ड ही मर्यादा मोकळी सोडतात, म्हणजे आकडेवारीत मशीन वेगवान दिसतं. रेंडर चालू असताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'सीपीयू पॅकेज पॉवर' किती दिसतं?

लगीनसराई
१६ मे, सकाळी ८.००

८५ च्या आसपास, सतत.

मिहान_ते_मगरपट्टा
१६ मे, सकाळी ८.२५

तेच. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन 'लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट' ६५ करा, 'शॉर्ट ड्युरेशन' ९०, वेळ २८ सेकंद. शेवटच्या थोड्या वेगासाठी प्रोसेसर फार जास्त वीज खातो, कारण वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणून वीज चौथ्या हिश्शाने कापली तरी वेग तेवढा कमी होत नाही.

बायोसमध्ये हा पर्याय नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ करा. त्याने टर्बो, म्हणजे कामाच्या वेळी वाढणारा जास्तीचा वेग, बंद होतो आणि हा प्रोसेसर २.९ गिगाहर्ट्झवर थांबतो. दाखले, अर्ज, टायपिंग अशा कामाला काहीच फरक जाणवत नाही, पऱ्हाटी यांच्या केंद्राला हाच उपाय पुरेल. तुमच्या रेंडरला मात्र बायोसचाच मार्ग घ्या.

झाडीपट्टी
१६ मे, सकाळी १०.४०

रायझनवाल्यांसाठी हेच काम बायोसमधला 'इको मोड' करतो. ६५ वॅटचा ५६००जी खरं तर सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत ओढू शकतो. ४५ वॅटचा इको मोड निवडला की तो आकडा साधारण ६१ वर येतो. आमच्या शाळेच्या खोलीत पंख्याशिवाय दुसरं काही नाही, दुपारच्या सत्रात यानेच निभावतं.

लगीनसराई
१६ मे, रात्री १०.३०

६५ वॅट केलं. खोली ३८, प्रोसेसर ७६. फरक ४८ चा ३८ झाला. मर्यादेशिवाय या फिल्मला एक तास पन्नास मिनिटं लागत होती, आता दोन तास. दहा मिनिटांत दहा डिग्री मिळत असतील तर मला चालतं. पंख्याचा आवाजही उतरला. रात्री पोरगं बाजूला झोपतं, ते आज पहिल्यांदा उठलं नाही.

कोरडवाहू
१७ मे, सकाळी ९.१५

आता डेझर्ट कूलरचं तोंड मशीनकडे करा, ५० वर येईल.

पूर्णाकाठ
१७ मे, सकाळी १०.००

यावर मला कळकळीने लिहायचं आहे, कारण माझं एक मशीन यातच गेलं.

आमचं गाव अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यात. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, इतकं खारं. तेच पाणी कूलरमध्ये. मी मशीन कूलरसमोर तीन फुटांवर ठेवलं होतं. तापमान खरंच छान उतरलं, दोन महिने मी खूश होतो. मग एक दिवस चालू होईना. उघडलं तर बोर्डावर, रॅमच्या खाचेत, कार्डाच्या सोनेरी पट्टीवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर. बोट फिरवलं तर मिठासारखं खरखरीत. कूलरच्या ताट्यांमधून, म्हणजे बाजूच्या ओल्या गवती पडद्यांमधून, पाण्याचे बारीक थेंब हवेबरोबर उडतात, पाणी वाळतं आणि क्षार तिथेच राहतो. पुढे पहिल्या पावसाची दमट हवा लागली की तोच क्षार ओल धरतो आणि वीज नको तिथून वाहायला लागते.

कूलर लावू नका असं म्हणत नाही. खोली थंड करा, मशीनवर झोत मारू नका. कूलर आणि मशीन एकाच रेषेत नकोत.

मिहान_ते_मगरपट्टा
१७ मे, सकाळी ११.२०

पूर्णाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. आणि कूलरने खोली थंड करणं हाच आपल्या भागातला सगळ्यात मोठा उपाय आहे, तोही कोरड्या हवेमुळे. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४४ असेल आणि हवेत ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २४ च्या जवळ दाखवतो. या दोन आकड्यांमधलं २० डिग्रीचं अंतर. बऱ्या ताट्यांचा कूलर त्यातलं पाऊण अंतर कापतो, म्हणजे तोंडाशी २९ ची हवा. एवढी घसरण दुसरा कुठलाही स्वस्त उपाय देत नाही. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. हवा बाहेर गेली नाही तर खोली दमट होते आणि कूलर काम करेनासा होतो. मृग लागून पाऊस आला की बंद करा. तेव्हा तो गारवा देत नाही, फक्त ओल देतो.

पऱ्हाटी
१७ मे, दुपारी २.३०

आमच्याकडे दुपारी व्होल्टेज उतरते, कूलरचा पंखा हळू फिरते. मशीन त्यानंच गरम होते का?

सोल्डरवाला
१७ मे, दुपारी ३.००

मशीनच्या आतले पंखे १२ व्होल्टवर चालतात आणि ते १२ व्होल्ट एसएमपीएस सांभाळतो. त्यामुळे भिंतीवरचं व्होल्टेज उतरलं म्हणून ते हळू होत नाहीत. खोलीचा कूलर हळू होतो, खोली तापते, आणि त्यामुळे मशीन तापतं. तुमचा अंदाज बरोबर, वाट थोडी लांबची.

एक सगळ्यांसाठी: यूपीएस कॅबिनेटला चिकटवून ठेवू नका. तो स्वतः गरम असतो, आणि त्याची बॅटरी उष्णतेने लवकर मरते.

वायगावची_हळद
१७ मे, सायंकाळी ७.४५

मी संगणकातला नाही, पण टिनाच्या छताखाली आयुष्य गेलं. दुपारी टिनाला हात लावून पाहा, चटका बसतो. तो सगळा ताव खाली डोक्यावर आणि मशीनवर येतो. दोन गोष्टी करा. टिनाला चुना द्या, त्यात थोडं फेव्हिकॉल घाला म्हणजे पहिल्या पावसापर्यंत टिकतो. आणि टिनाच्या वर हात-दीड हात अंतर सोडून हिरवी नेट ताणा. चिकटवू नका, मधून हवा जाऊ द्या. काही लोक पऱ्हाट्या-तुराट्या टाकतात. पूर्वी आम्हीही टाकायचो, पण खाली विजेच्या वायरी असतील तर आगीची भीती, म्हणून स्टुडिओवर नको. मशीन पश्चिमेच्या भिंतीला असेल तर तिथून हलवा. ती भिंत रात्री दहापर्यंत ताव सोडते.

लगीनसराई
१७ मे, रात्री ९.००

काका, मशीन पश्चिमेच्याच भिंतीला आहे. उद्या हलवतो.

लगीनसराई
२७ मे, सायंकाळी ५.४०

उशीर झाला, माफ करा. काम फार होतं. २० तारखेच्या दोन्ही फिल्म वेळेत गेल्या.

या दहा दिवसांत केलेलं सांगतो. टिनाला चुन्याचे दोन हात, वर नेट. मशीन पूर्वेच्या भिंतीला, विटांवर, मागे एक वीत जागा. कूलर दक्षिणेच्या खिडकीत, त्याचं तोंड माझ्या खुर्चीकडे, मशीन त्याच्या झोताच्या बाजूला. कूलरमध्ये बोअरचं नाही, नळाचं पाणी. समोरची खिडकी उघडी.

आज नवतप्याचा तिसरा दिवस. दुपारी तीनला बाहेर सावलीत ४५, खोलीत ३१. रेंडर पाऊण तास चालू, प्रोसेसर ६९, वेग कुठेही तुटलेला नाही. ६९ मधून ३१ गेले, ३८ उरले. १६ तारखेला रात्री ३८ च्या खोलीतही ३८ च उरले होते. हा फरक कसा जसाच्या तसा राहतो ते स्वतःच्या वहीत पाहिल्यावर खरं पटलं.

परवा दुपारी दोन तास वीज नव्हती. इन्व्हर्टरवर मशीन चालतं, कूलर चालत नाही. तासाभरात खोली ३९ वर गेली आणि प्रोसेसर ७७. तरी मी रेंडर थांबवलं, हार्डडिस्क ४८ दाखवत होत्या म्हणून. आता मोठ्या फिल्म पहाटे चारला लावतो. त्या वेळी कूलरशिवायही खोली ३० च्या आसपास असते आणि वीजही सहसा जात नाही. आठ वाजता उठून पेनड्राइव्हमध्ये घेतो.

एकूण खर्च: पंखा ५५०, पेस्ट ४००, चुना-फेव्हिकॉल-नेट मिळून ११००. हीटसिंक तोच, डब्यातला.

जाळी दर रविवारी धुतो. पहिल्याच रविवारी तिच्यावर बोटभर रुई होती, तीही जिनिंग बंद असताना.

सोल्डरवाला
२७ मे, सायंकाळी ६.१५

छान. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की जाळी आठवड्यातून दोनदा धुवा, आणि संक्रांतीच्या आसपास एकदा पंखा उचलून खाली पाहा.

पऱ्हाटी
२७ मे, रात्री ८.००

भाऊ, मी ९९ टक्केवालं केलं, केंद्राचं मशीन ८८ चं ७१ वर आलं. पण पंखा काढाची हिंमत नाही होत. दाखल्यायची गर्दी चालू हाय, पिन तुटली तं लोकं कुठी जातीन?

लगीनसराई
२७ मे, रात्री ८.२०

तुमचं केंद्र वडनेरकडेच ना? रविवारी मला तिकडे लग्नाचं शूटिंग आहे, सायंकाळी मोकळा होतो. केंद्र बंद झाल्यावर येतो, दोघं मिळून उघडू. पेस्टची नळी अर्धी शिल्लक आहे, ब्रश आणि बॅटरीही आणतो.

पऱ्हाटी
२७ मे, रात्री ८.२५

या भाऊ. जेवण आमच्याकडंच करा.